ठाण्यातील रात्र आणि गुन्हेकथेचे मौन

भारतीय भाषांतील गुन्हेकथेचा पहिला मोठा निवेदक स्वतः पोलिस होता. प्रियनाथ मुखोपाध्याय हे कलकत्ता पोलिसांच्या गुप्तहेर विभागात १८७८ पासून १९११ पर्यंत नोकरीस होते, आणि १८९२ च्या सुमारास त्यांनी ‘दारोगार दप्तर’ ही मासिक कथामाला सुरू केली. तीत दोनशेंहून अधिक कथा प्रसिद्ध झाल्या. दारोगाने आपल्या दप्तरातील प्रकरणे आपणच सांगावीत, वाचकाने विश्वासाने ऐकावीत, आणि शेवटी गुन्हेगार कोठडीत जावा, हा या कथांचा साचा. त्यामागे एक करार गृहीत धरलेला होता. निवेदकाच्या अंगावर वर्दी आहे, म्हणून त्याचा शब्द खरा. ज्या समाजात दारोगा या शब्दाने खेड्यातील माणूस दार लावून घेत असे, त्याच समाजातील शिक्षित वाचकाने हा करार आनंदाने मान्य केला, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही.

कारण या कथामालेच्या पुष्कळ आधी पोलिसाची दुसरी एक प्रतिमा सरकारी कागदांतच उमटून गेली होती. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये सादर झाला. महसूल वसूल करणारे आणि गुन्ह्याचा तपास करणारे हात त्या काळी बहुधा एकच असत. त्या हातांनी रयतेवर काय काय केले याची नोंद त्या अहवालात आहे. बोटे लाकडी पट्ट्यांत दाबून धरण्याची ‘कित्ती’ आणि माणसाला वाकवून बांधून तासन् तास उन्हात ठेवण्याचा ‘अनुंदाल’ हे शब्द लंडनच्या संसदेपर्यंत पोहोचले ते या अहवालामुळे. साहेबाच्या राज्यातील दुष्टपणा हा ‘नेटिव्ह’ शिपायाचा, आणि त्याला आळा घालणारा न्याय मात्र साहेबाचा, अशी सोयीची वाटणी त्यात होतीच. तरीही पोलिस हाच गुन्हेगार असू शकतो हे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या दप्तरात लिहून ठेवले, हे नाकारता येत नाही. पुढे १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलिस आयोगानेही पोलिस खात्याच्या भ्रष्ट आणि जुलमी वर्तनाविषयी फारसे वेगळे मत दिले नाही.

म्हणजे एकाच शतकात दोन दप्तरे तयार झाली. एकात पोलिस निवेदक, दुसऱ्यात आरोपी. कथेने पहिले दप्तर उचलले. दुसऱ्याची दखल कायद्याने घेतली, पण तीही अर्धवट. आणि या अर्धवटपणात प्रस्तुत लेखाचा विषय दडलेला आहे.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम २५ प्रसिद्ध आहे. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे ते कलम सांगत असे. ही तरतूद मुळात १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील. राज्यसत्तेने आपल्याच अधिकाऱ्याच्या शब्दावर जाहीरपणे अविश्वास दाखवावा, याची उदाहरणे कायद्याच्या इतिहासात थोडीच असतील. पण याच कायद्यात पुढे कलम १५५ होते आणि त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा आरोपीला मिळत असे. दोन्ही कलमे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. ठाण्यात पुरुषाने दिलेल्या जबानीबाबत पोलिसावर विश्वास ठेवू नये, असे पहिले म्हणते. ठाण्यात पोलिसाने काय केले हे जर स्त्री सांगू लागली, तर तिच्यावर विश्वास का ठेवू नये याची सोय दुसरे करते. हे पोटकलम रद्द झाले ते २००२ च्या दुरुस्ती कायद्याने. १८७२ ते २००२ हा काळ एकशे तीस वर्षांचा होतो.

गुन्हेकथा मात्र या साऱ्यापासून अलिप्त राहून वाढत गेली. गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये गाजीपूर जिल्ह्यातील गहमरहून ‘जासूस’ हे मासिक काढले. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासून बंगाली वाचकाच्या घरात वावरू लागला. त्याला स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणे आवडत नसे, तो ‘सत्यान्वेषी’. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये अलाहाबादेत सुरू झाली; तिचा नायक फरीदी हा सरकारी अधिकारीच, पण कोणत्याही मोहापलीकडचा. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय हा खासगी गुप्तहेर, तर झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या कडेकडेने चालणारे नायक. या सर्व विश्वात पोलिस आहे. कधी तो कर्तबगार असतो, कधी बावळट, पुष्कळदा उशिरा पोहोचणारा. नायकाची बुद्धी उठून दिसावी म्हणून त्याला मंद ठेवण्याची युक्ती तर इंग्रजीतून सरळ आयात झालेली. परंतु त्याच्यावर संशय घ्यावा असे कथेला सहसा वाटत नाही. याचे कारण केवळ लेखकाच्या भीतीत शोधू नये. रहस्यकथेची रचनाच अशी की अखेरीस कोणीतरी विश्वासू माणूस गुन्हेगाराला ताब्यात घेण्यासाठी दारात उभा असावा लागतो. तो दारातला माणूसच गुन्हेगार असेल, तर शेवटचे पान लिहायचे कसे?

या प्रश्नाला सामोरे गेले ते गुन्हेकथेच्या बाहेरचे लेखक. प्रेमचंदांनी आरंभी ‘नमक का दारोगा’ लिहून प्रामाणिक अधिकाऱ्याचा आदर्श रंगवला खरा. पण १९३१ च्या ‘गबन’मध्ये पोहोचेपर्यंत त्यांची दृष्टी पुष्कळ निवळली होती. तेथे पोलिस एका भित्र्या, कर्जबाजारी तरुणाला पकडून खोटा साक्षीदार बनवतात, त्याला बंगल्यात ठेवतात, आणि तो हातचा जाऊ नये म्हणून त्याच्या रंजनासाठी जोहरा या स्त्रीला आणून बसवतात. स्त्रीचा देह हे तपासाचे एक साधन म्हणून पोलिस वापरतात, हे प्रेमचंदांनी फारसा आवाज न करता सांगितले आहे. जोहरा पुढे त्या योजनेतून निसटते, हा प्रेमचंदांचा स्वभावधर्म.

इंग्रजी कादंबरीत हा विषय अगदी वेगळ्या दारातून आला. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त आरोपी हिंदी डॉक्टर आहे, आणि पोलिस सुपरिंटेंडेंट मॅकब्राइड हा आरोप सिद्ध करायला उभा आहे. काळ्या वर्णाचा पुरुष गोऱ्या स्त्रीकडे ओढला जातो, हा त्याचा सिद्धांत तो भर कोर्टात शास्त्रीय सत्य म्हणून मांडतो. स्वतः मॅकब्राइडच्या खासगी वर्तनाची वार्ता कादंबरी नंतर ओझरती देते, आणि पुढे जाते. ही ओझरती वार्ता जणू बीज म्हणून उचलावी तशी कादंबरी चाळीस वर्षांनी पॉल स्कॉट यांनी लिहिली.

‘द ज्यूएल इन द क्राउन’ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यापुढचे तीन भाग १९६८, १९७१ आणि १९७५ मध्ये आले. काळ ऑगस्ट १९४२ चा, शहर मायापूर हे काल्पनिक. बीबीघर बागेत डॅफ्ने मॅनर्स या इंग्रज तरुणीवर अज्ञात टोळी बलात्कार करते, आणि जिल्हा पोलिस सुपरिंटेंडेंट रोनाल्ड मेरिक तिचा मित्र हरी कुमार याला पकडतो. येथपर्यंत हे प्रकरण फॉर्स्टरच्या वाटेवरचे वाटते. पण दुसऱ्या भागात, १९४४ साली, कांदीपतच्या तुरुंगात हरीची जबानी होते. पलीकडच्या खोलीत डॅफ्नेची आत्या-मामी शोभावी अशी वृद्ध लेडी मॅनर्स कोणाला नकळत ती ऐकत असते. कोठडीत मेरिकने त्याला वेताने कसे मारले, त्याच्या देहाशी काय केले, हे हरी सांगतो. पहिल्या भागभर जो तपास करीत होता, तोच लैंगिक अत्याचाराचा आरोपी ठरतो. गुन्ह्याचे कोडे सोडवायला बसलेल्या वाचकाच्या हाती दुसराच गुन्हा येतो, आणि पहिल्या गुन्ह्याचे करणारे कोण हे अखेरपर्यंत अंधुकच राहते.

स्कॉट यांचे सामर्थ्य असे की त्यांनी मेरिकला कधीही न्यायालयापुढे उभे केले नाही. आरोप सगळीकडे आहे, खटला कोठेच नाही. मेरिक पोलिसातून सैन्यात जातो, युद्धात दुसऱ्याला वाचवताना हात गमावतो, बढती मिळवतो, लग्न करतो. १९४७ मध्ये त्याचा खून होतो आणि तोही घोड्यावरून पडून झालेला मृत्यू म्हणून दडपला जातो. राज्यसंस्था आपल्या माणसाचा गुन्हाच झाकते असे नव्हे, त्याचा अंतही झाकते. वसाहतकालीन पोलिसी सत्तेचे इतके बारकाईने केलेले चित्रण मला दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी कादंबरीत भेटलेले नाही. तरीही सलमान रश्दी यांनी १९८४ मध्ये घेतलेला आक्षेप मोठा आहे. बलात्कार हे साम्राज्याचे रूपकच करायचे असेल, तर बळी हिंदी स्त्री आणि अत्याचारी इंग्रज असायला हवे होते. ते धाडस ना फॉर्स्टरने केले ना स्कॉटने, असा त्यांचा रोख होता. त्यात भर घालावीशी वाटते ती एवढीच, की गोरा साहेब गेल्यानंतरही ठाणे तेथेच होते, त्याचे नियम तेच होते, आणि तेथे रात्री आणली जाणारी मुलगी कोणत्याही कादंबरीत अजून आलेली नव्हती.

ती मुलगी देसाईगंजची. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९८२ पासून ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी, डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिच्या भावाच्या फिर्यादीवरून तिला व इतरांना ठाण्यात आणण्यात आले होते. फिर्याद अशी की ज्या घरी ती कामाला जात असे तेथल्या माणसांनी तिला पळवून नेले. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास हेड कॉन्स्टेबल घरी गेले. बाकीच्यांना जाण्यास सांगण्यात आले आणि मुलीला थांबविण्यात आले. बाहेर वाट पाहणाऱ्या माणसांना काही वेळाने दिसले की ठाण्यातील दिवे मालवले आहेत आणि दार आतून बंद आहे. हाका मारल्या, गर्दी जमली. ती बाहेर आली तेव्हा तिने शिपायाने काय केले ते सर्वांसमोर सांगितले. जमाव इतका संतापला की ठाणे पेटविण्याची भाषा झाली. त्या दबावाखालीच तिची फिर्याद लिहून घेतली गेली. दोन शिपाई आरोपी झाले. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी, सुमारे वीस तासांनी झाली.

हे सारे न्यायालयीन निकालपत्रांत नोंदलेले आहे. मालवलेला दिवा, बंद दार, बाहेर साक्षीदार, आत तिघेच: रहस्यकथाकाराने हेवा करावा इतकी बंदिस्त ही रचना. येथे कोडेही नव्हते. कोणी, कोठे, केव्हा, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही तीन न्यायालयांनी एकाच पुराव्याचे तीन वेगवेगळे वाचन केले. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने जून १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. मुलीला पूर्वी शरीरसंबंधाची सवय होती, ती खोटे बोलते, आणि संबंध झाला असला तरी तिच्या संमतीने झाला, असा त्याचा निष्कर्ष. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. भीतीने गप्प राहून शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनोळखी शिपायांना, भाऊ बाहेर उभा असताना, तिने आपण होऊन जवळ केले असेल हे संभवत नाही, असे या न्यायालयाने मानले. एका शिपायास पाच वर्षांची आणि दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा झाली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांनाही सोडले. अंगावर जखमा नाहीत. म्हणजे प्रतिकार नाही. तिला आत नेले जात असताना ती ओरडली नाही. म्हणजे भीती नाही. मग उरते ती संमती. तर्काची साखळी वरवर निर्दोष. फक्त ती साखळी गुंफताना ठाणे हे ठाणे आहे, आणि शिपाई हा शिपाई आहे, एवढे एक वास्तव हिशेबातून सुटून गेले.

ते वास्तव परत आणले ते एका पत्राने. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या पत्राकडे संहिता म्हणून पाहिले पाहिजे. त्यात नवा साक्षीदार नाही, नवा पुरावा नाही. निकालात जे लिहिले होते तेच पुन्हा, अधिक लक्ष देऊन वाचलेले आहे. चौदा-सोळा वर्षांची मजूर मुलगी, रात्रीची वेळ, सरकारी इमारत, वर्दीतले दोन पुरुष: अशा ठिकाणी ओरडण्याची अपेक्षा करणारा माणूस कोणत्या जगात राहतो, हा त्या पत्राचा प्रश्न होता. १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी प्रकरणात याच न्यायालयाने स्त्रियांना पोलिस ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली होती. माजी मुख्यमंत्री असलेल्या स्त्रीविषयी जी काळजी दिसली ती मजूर मुलीच्या वाट्याला का आली नाही, हेही पत्राने विचारले. सत्यान्वेषी हा शब्द ब्योमकेशइतकाच या चौघांनाही शोभतो.

८ मार्च १९८० रोजी या निकालाविरुद्ध देशातील अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. विधी आयोगाचा चौऱ्याऐंशीवा अहवाल त्याच वर्षी आला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्या ताब्यातील स्त्रीवर बलात्कार करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे नवे कलम पुरावा कायद्यात आले. पीडितेची ओळख छापण्यास त्याच दुरुस्तीने बंदी झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितांत कलमांचे आकडे बदलले, या तरतुदी कायम आहेत. एक विसंगती मात्र नोंदवून ठेवावीशी वाटते. विधी-अहवालांत हा खटला आरोपी शिपायाच्या नावाने ओळखला जातो आणि चळवळीच्या, वर्गाच्या, पुस्तकांच्या भाषेत त्या मुलीच्या नावाने. तिने ते नाव कोणाला दिले नव्हते. प्रस्तुत लेखात म्हणूनच ते घेतलेले नाही.

ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, त्याच १९७८ मध्ये महाश्वेता देवींचा ‘अग्निगर्भ’ हा संग्रह आला आणि त्यात ‘द्रौपदी’ ही कथा होती. तेथे अत्याचार करणारे लष्करी जवान आहेत, आणि आज्ञा देणारा सेनानायक हा विद्वान, साहित्यप्रेमी, शत्रूला समजून घेऊन मारणारा. कथेच्या अखेरीस संथाळ द्रौपदी कपडे घालण्यास नकार देते आणि त्याच्यासमोर तशीच उभी राहते. जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, असे म्हणणाऱ्या तर्काला यापेक्षा थेट उत्तर भारतीय कथेने दिलेले नाही. आणि ते निकाल वाचून लिहिलेले नव्हते, हे विशेष.

मराठीतून जे उत्तर आले त्याचा रोख निराळा होता. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ १९८३ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे कायदा बदलला त्याच वर्षी. फौजदार अनंत वेलणकर हा हिंसेच्या वारशाने पोळलेला, प्रामाणिक राहू पाहणारा माणूस. त्याच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो. वर्दीच्या आतला माणूस इतका उघडा करून दाखवणारी कलाकृती आधी झाली नव्हती. पण सहानुभूतीचे केंद्र वेलणकर आहे. मेलेल्या माणसाच्या घरी आपण जात नाही. तेंडुलकर-निहलानींच्याच ‘आक्रोश’मध्ये (१९८०) बळी केंद्रस्थानी आहे, परंतु तेथे आदिवासी स्त्री मृत आहे आणि तिचा नवरा जवळजवळ शेवटपर्यंत बोलतच नाही.

बोलण्याचे काम पुढे तमिळ कादंबरीने अंगावर घेतले. कोईमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी गुंटूरच्या पोलिस कोठडीत आपण जे भोगले ते ‘लॉक-अप’मध्ये लिहिले, २०१५ चा ‘विसारणै’ हा चित्रपट तिच्यावरून. स. बालमुरुगन यांची ‘सोळगर तोट्टी’ (२००४) ही कादंबरी वीरप्पनच्या शोधासाठी जंगलात उतरलेल्या विशेष दलाने सोळगर आदिवासींचे, विशेषतः त्यांच्या स्त्रियांचे, काय केले ते सांगते. वकिली आणि मानवी हक्कांचे काम करताना ऐकलेल्या जबान्यांतून ती उभी राहिली आहे. येथे एक उलटापालट लक्षात येते. ‘दारोगार दप्तर’मध्ये पोलिस लिहीत होता आणि संशयित गप्प होता. आता कोठडीतला माणूस लिहितो. पोलिस आहे, पण त्याच्याकडे निवेदन उरलेले नाही. रहस्य नाही, सुटका नाही, शेवटचे स्पष्टीकरण नाही. गुन्हेकथेचे नेहमीचे वाचक तिला गुन्हेकथा म्हणणार नाहीत कदाचित. माझ्या मते तिला दुसरे नाव नाही.

तमिळनाडूतच, धर्मपुरी जिल्ह्यातील वाचाती या आदिवासी खेड्यात, २० जून १९९२ रोजी चंदनाची तस्करी शोधण्याच्या निमित्ताने वनखाते, पोलिस आणि महसूल खात्याची माणसे शिरली. अठरा स्त्रियांवर बलात्कार झाले. खटला दोन दशके चालला. २९ सप्टेंबर २०११ रोजी धर्मपुरीच्या सत्र न्यायालयाने २६९ आरोपींपैकी हयात असलेल्या सर्व २१५ जणांना दोषी ठरवले; चोपन्न जण तोवर मरण पावले होते. अपिले मद्रास उच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायमूर्ती पी. वेलमुरुगन २०२३ मध्ये स्वतः वाचातीला गेले, डोंगरवाटेने फिरून जागा पाहिली, आणि त्या वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी अपिले फेटाळली. पीडित स्त्रियांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत, आणि त्यांतील निम्मी रक्कम बलात्काराच्या दोषींकडून वसूल करावी, असा त्यांचा आदेश होता.